काकीच्या पायाचा दंड

हजार रुपये.

माझ्या काकीच्या डाव्या पायाचा हा सरकारी भाव. गुडघ्याखालून कापलेला पाय, वय बेचाळीस, धंदा निंदणी-सोंगणी-वेचणी, जिल्हा वाशीम. भारतीय दंड विधान, कलम ३३८: हयगयीनं कुणाला जबर दुखापत केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा आकडा १८६० साली गोऱ्या साहेबानं लिहिला. तेव्हा हजार रुपये म्हणजे एखाद्याची सगळी इस्टेट. २०१३ साली, काकीचा पाय गेला तेव्हा, हजारात अर्धा क्विंटल सोयाबीनही येत नव्हतं. स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, एकेक आमदार चार चार पक्ष फिरून आला. हजाराचे हजारच राहिले.

आणि तेही काकीला नाही मिळाले. दंड सरकारजमा होतो. दंडातून जखमीला भरपाई द्या असं सांगायचा अधिकार मॅजिस्ट्रेटला फौजदारी संहितेच्या ३५७ कलमानं दिला होता. पण तसं कुणी मागितलं नाही, म्हणून कुणी दिलंही नाही. पाय काकीचा, पावती सरकारची.

दोस्तांनो, हे तुम्हाला आत्ता का सांगतोय? कारण १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात बिल्डरच्या सतरा वर्षांच्या पोरानं पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनियर चिरडले, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो होतो. मीपण होतो. त्या पोराला काही तासांत जामीन मिळाला आणि अट काय, तर अपघातावर ३०० शब्दांचा निबंध! पुढं रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली ससूनचे डॉक्टर आत गेले. आपलं रक्त उकळलं, ते बरोबरच उकळलं. पण आपण घोषणा काय दिल्या, आठवा. ‘ड्रायव्हरला फाशी द्या. दहा वर्षं द्या. कायदा कडक करा.’ ही घोषणा देताना माझी जीभ अडखळली. कोणता ड्रायव्हर? माझ्या काकीचा पाय ज्यानं घेतला तो ड्रायव्हर आमच्याच बुद्धवाड्यातला, आमच्या घरापासून चौथ्या घरातला.

मालेगाव तालुका. ऑक्टोबर महिना. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात. गुत्त्यानं काम घेतलेलं, म्हणजे जितके एकर उरकतील तितके पैसे. म्हणून अंधारातच निघायचं. मालकाचा टेम्पो पहाटे पाचला वाड्याच्या तोंडाशी. मागच्या उघड्या डाल्यात बाविस जण: बाया, दोन म्हातारे, चार लेकरं, विळे, भाकरीची फडकी. ड्रायव्हरचं वय बाविस-तेविस. आदल्या दिवशी सकाळपासून तो त्याच टेम्पोवर. दिवसभर माल भरला, रात्री वाशीमच्या बाजारात नेला, तिथं नंबर लागेपर्यंत जागला, खाली करून चारला परत आला. तोंडावर पाणी मारत होता तेवढ्यात मालकाचा निरोप: आता मजूर सोडून ये, मग झोप. मेहकरच्या बाजूला जाताना एका वळणावर त्याचा डोळा लागला. टेम्पो खड्ड्यात कलंडला. काकीचा पाय फाळक्याखाली आला.

पोलिसांनी काय लिहिलं? २७९, ३३७, ३३८. आरोपी एक: ड्रायव्हर. बस्स. मालकाचं नाव फिर्यादीत आलं ते ‘सदर वाहनाचे मालक’ एवढंच, जसं लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’ येतं तसं. पुढं पोरानं गुन्हा कबूल केला, कोर्ट उठेपर्यंत शिक्षा भोगली, दंड भरला. दंडाचे पैसे मालकानंच दिले आणि पुढच्या सहा महिन्यांच्या पगारातून कापून घेतले.

म्हणजे पहा. रात्रभर कुणाला जागवलं? मालकानं. मालाच्या गाडीत माणसं कुणी भरायला लावली? मालकानं. फायदा कुणाचा? मालकाचा. आणि कायद्याच्या डोळ्यांना दिसलं काय? स्टेअरिंगवरचे दोन हात.

तुम्ही म्हणाल, कायद्यात मालकाला धरायची सोयच नाही. आहे! १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८८ आहे. धोकादायक गाडी चालवायला, दारू पिऊन चालवायला जो चिथावणी देतो, भाग पाडतो, मदत करतो, त्याला तीच शिक्षा, जी चालवणाऱ्याला. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा ड्रायव्हरला दिवसाचे आठ तास ठरवून देत होता आणि मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलम त्याच्याकडेच बोट दाखवत होतं. त्या पहाटे त्या पोराचे आठ तास कधीचेच दोनदा भरून गेले होते. कोणत्या ठाण्यात हे लिहिलं गेलं? आमच्या वकिलानंही नाही काढलं. वकील भला माणूस होता, पण तालुक्याच्या गावात त्या मालकाचा शब्द किती चालतो हे त्यालाही ठाऊक होतं.

आता तुम्हाला चाळीसगावला नेतो. तिथली गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९२९. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून ते खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्टेशनवर महारवाड्यातली माणसं न्यायला आली. पण टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईनात. मग तोडगा निघाला: टांगा भाड्यानं मिळाला, हाकणारा नाही. जन्मात टांगा न हाकलेला आपलाच एक माणूस लगाम धरून बसला. नदीवरच्या, कठडे नसलेल्या पुलावर चाक अडकलं, घोडा टांग्यासकट खाली गेला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले. पाय मोडला.

आता या अपघाताची आजच्या ठाण्यात फिर्याद द्या. आरोपी कोण होईल? तो लगाम धरणारा महार. अननुभवी, बेदरकार, हयगयीनं हाकणारा. कलम लागू. टांगेवाल्याची जात कोणत्या कलमात बसवणार? ‘महाराला बसवलं तर आपली इज्जत जाईल’ हा विचार, ज्यानं त्या अडाणी हाताला लगाम दिला, तो पंचनाम्यात कसा येणार? बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिताना त्या हाकणाऱ्यावर आग पाखडलेली नाही. बॅरिस्टर असलेल्या महाराहून साधा टांगेवाला स्वतःला वरचा समजतो, यावर त्यांचं बोट आहे. मोडलेल्या पायाच्या मागं कोण उभं आहे हे पाहायची नजर आपल्याला ९० वर्षांपूर्वीच मिळाली. आपण ती तसबिरीला हार घालताना तिथंच ठेवून आलो.

मुंबईतलंही घ्या. १२ नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड, पहाट. फूटपाथवर झोपलेल्या रस्त्याच्या कामावरच्या मजुरांवर एलिस्टर परेराची गाडी चढली. सात मेले, आठ जखमी. सेशन्स कोर्टानं शिक्षा दिली सहा महिने! बोंबाबोंब झाली तेव्हा हायकोर्टानं सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली आणि २०१२ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं तीच कायम केली. ज्या कलमाखाली दहा वर्षं देता येतात त्याखाली सात मुडद्यांना तीन वर्षं. भागाकार तुम्हीच करा.

त्याच वांद्र्यात २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री बेकरीबाहेर झोपलेल्यांवर सलमान खानची गाडी चढली. एक मेला, चौघे जखमी. मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा, डिसेंबर २०१५ मध्ये हायकोर्टातून निर्दोष. गाडी तोच चालवत होता हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं. तेरा वर्षं गेली आणि गाडी कुणाच्या हातात होती तेच ठरलं नाही! आमच्या वाड्यातलं पोर होतं तेव्हा मात्र तेरा मिनिटांत ठरलं. शिक्षा झाली तेव्हा एका नामांकित पार्श्वगायकानं, रस्त्यावर झोपाल तर कुत्र्यासारखेच मराल, अशा अर्थाचं लिहिलं होतं. नंतर माफी मागितली म्हणे. माफी कशाला मागता? खरं बोललात, तेवढंच एक खरं बोललात.

तर मी ड्रायव्हरला माफ करा म्हणतोय का? नाही. आमच्यातल्याच काही पोरांना गरिबी पुढं केली की सगळं धुतलं जातं असं वाटतं. मला तसं वाटत नाही. २०२४ च्या डिसेंबरात, २२-२३ च्या मध्यरात्री, वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फूटपाथवर झोपलेल्यांवर डंपर चढला. तिघं मेली, त्यात दोन अगदी चिमुरडी. अमरावती जिल्ह्यातून पोट भरायला आलेली माणसं. कारंज्यापलीकडे लागतो तोच अमरावती जिल्हा, आपलीच माणसं. ड्रायव्हर प्यायलेला होता असं पोलिसांनी सांगितलं. प्यायलेला असेल तर त्याला सोडा असं मी म्हणणार नाही, तो कुणाच्याही पोटचा असो. पण दोस्तांनो, कल्याणीनगरातून त्याच नगर रोडनं सरळ गेलं की वाघोली लागते. कल्याणीनगरासाठी आपण किती दिवस जागलो? वाघोलीसाठी किती? मेणबत्त्यांचे पैसे संपले होते काय आपल्याकडचे? ३०० शब्दांच्या निबंधावर चिडणारे आपण, त्या दोन लेकरांवर आपल्याला तीन शब्द सुचले नाहीत. मला धरूनच बोलतोय.

कायदा कडक झाला नाही असंही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. ३३८ च्या जागी १२५ आलं: जबर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काकीचा पाय आता दहापट महाग झाला, अभिनंदन. हयगयीनं जीव घेतला तर दोनाऐवजी पाच वर्षांपर्यंत, कलम १०६ पोटकलम एक. आणि पोटकलम दोन: अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत. हेच ते, ज्यावर जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. सरकारनं ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवून बाकी संहिता लागू केली. तेव्हा शहरातले शिकलेले म्हणाले, पाहा, झुंडशाही जिंकली. मला विचाराल तर त्या ड्रायव्हरांची भीती खोटी नव्हती. थांबला तर जमाव जीव घेतो, पळाला तर कायदा दहा वर्षं घेतो. जखमीला रस्त्यात टाकून पळणं नीचपणाच आहे, पण त्याला तिथं आणून उभा करणारा मालक दोन्हीकडून मोकळा. पाच वर्षं करा, दहा करा, वीस करा. आकडा वाढतो, आरोपी तोच राहतो.

कायदा स्टेअरिंगच्या पलीकडे पाहू शकतच नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ सैलानी बाबाच्या दर्शनाहून परतणाऱ्यांची गाडी ट्रकवर आदळून बारा जण गेले. तो ट्रक परिवहन खात्याच्या माणसांनी रात्री तिथं थांबवला म्हणून त्यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. म्हणजे मनात आलं की दिसतं! समृद्धी आमच्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगावातून जाते. तिच्यावरून सुसाट जाणाऱ्याला आमचे टेम्पो दिसत नाहीत, कारण ते खालच्या रस्त्यानं जातात, पहाटे पाचला, डाल्यात माणसं भरून.

आता भरपाई. इथं जात नाव न घेता कशी नांदते ते पाहा.

काकीचा दावा ट्रायब्युनलपुढं गेला. इन्शुरन्सवाला वकील उठला आणि दोन वाक्यांत बसला. गाडी मालवाहू, बाई फुकट प्रवासी, कंपनी जबाबदार नाही. १९९९ साली सत्पाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं अशांनाही विम्याचं छत्र दिलं होतं. २००२ साली आशा राणी खटल्यात ते काढून घेतलं. मोठं घटनापीठ नाही बसलं, मोर्चे नाही निघाले. पण त्या एका निकालानं देशातल्या लाखो डाल्यांतली माणसं विम्याबाहेर गेली. डाल्यात कोण बसतं? डाल्यात देशमुख बसतो का?

मग काकीची कमाई. पुरावा काय? गुत्त्याच्या कामाला मस्टर नसतं. साहेबानं महिना तीन हजार धरले. वय बेचाळीस, म्हणजे चौदाचा गुणक. अपंगत्व दाखल्याप्रमाणे चाळीस टक्के. तीन हजार गुणिले बारा गुणिले चौदा, त्याचे चाळीस टक्के: दोन लाख एक हजार सहाशे. त्याच वयाचा, तोच पाय गेलेला, साठ हजार पगाराचा साहेब असता तर याच हिशोबानं चाळीस लाख बत्तीस हजार. पाय एकच, भाव वीसपट. आणि तो साहेब दुसऱ्या दिवशी कुबडी घेऊन खुर्चीवर बसू शकतो! २०१७ च्या प्रणय सेठी निकालात तर भविष्याचाही भाव ठरला. चाळीस ते पन्नास वयाच्या कायम नोकरीवाल्याला कमाईवर ३० टक्के वाढ, बाकीच्यांना २५. पोटावर काम करणाऱ्याचं भविष्य पाच टक्क्यांनी कमी उजळतं हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

चाळीस टक्के म्हणे. विळा घेऊन उकिडवं बसून पाताच्या पाता कापणारी बाई. तिचा पाय गेला म्हणजे तिचं चाळीस टक्के गेलं? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१० सालीच सांगितलंय की दाखल्यावरचे टक्के उतरवून घेऊ नका, त्या माणसाचा धंदा पाहा, त्या धंद्यातली कमाई किती बुडाली ते पाहा. मला हे कळलं तेव्हा काकीचा निकाल लागून, अपिलाची मुदत संपून गेली होती. हा दोष माझा. मी पुण्यात कविता वाचत होतो.

निकाल २०१८ चा. पैसे मालकानं द्यायचे. आजवर एक छदाम नाही. टेम्पो विकला, माझ्याकडं काही नाही म्हणतो. शेत आहे, घर आहे, नवा टेम्पो बायकोच्या नावावर आहे.

गेल्या दिवाळीत काकीला विचारलं, काकी, त्या पोराचा राग येतो का? ती चुलीपुढं बसली होती, कुबडी भिंतीला.

‘येते ना, काहून नाही येणार? दवाखान्यात आला तं दोन चाटा मारल्या त्याले. मंग त्याची मायच रडू लागली माह्यापाशी. त्याले झोपू नाही देल्लं बाप्पा मालकानं. पन मालक एकडाव नाही आला पोरा. एकडाव नाही.’

तो पोरगा आता त्याच मालकाकडं नाही. सुरतेला गेला. काकीकडं वर्षातून एकदा येतो, साडी आणतो. ती घेते, बोलत नाही.

आता कामाचं. आम्ही तिघं-चौघं मिळून काकीच्या निकालाच्या वसुलीला लागलोय. मोटार वाहन कायद्याचं कलम १७४: ट्रायब्युनलनं दाखला दिला की कलेक्टरनं ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची. सारा थकला तर शेतावर बोजा चढतो ना, तसंच. मालकाच्या सातबाऱ्याचा उतारा काढलाय. दाखल्याचा अर्ज तयार आहे.

आणि वाड्यावाड्यांतून अपघाताचे जुने कागद गोळा करतोय. ज्यांचे दावे झालेच नाहीत ते किती निघाले म्हणून सांगू! २०२२ च्या नियमांनी अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनीच ४८ तासांत ट्रायब्युनलला पाठवायचा आहे, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. अज्ञात गाडीनं उडवलं तर मृत्यूला दोन लाख, जबर दुखापतीला पन्नास हजार, हेही २०२२ पासून. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला १९८७ च्या कायद्यानं सरकारी खर्चानं वकील मिळतो, कमाई कितीही असो. वाड्यात हे कुणाला सांगितलंय आपण? जयंतीच्या डीजेवर सांगितलंय?

पुण्या-औरंगाबादेत लॉ शिकणारी आपली बरीच पोरं हे वाचतील. आम्हाला भाषण नको. ३३८ च्या फिर्यादीत मालकाचं नाव १८८ खाली कसं घालायचं, राजकुमार निकाल कुठल्या पानावर लावायचा, हे बसून शिकवणारा माणूस हवा. नागपूर-मुंबईच्या जुन्या रस्त्यानं मालेगावला उतरायचं. सोंगणी सुरू व्हायच्या आत या, कारण एकदा ती सुरू झाली की पहाटे पाचनंतर वाड्यात कुणी भेटत नाही. काकी भेटेल.